पाटी खिशात आली, मजकूर कोणाचा?

नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयाची स्थापना १८६३ सालची. सरकारदप्तरी त्याचे नाव काहीही असो, लोकांनी त्याला 'अजब बंगला' म्हटले आणि तेच नाव रूढ झाले. या नावात सामान्य माणसाचा संग्रहालयाविषयीचा सगळा अनुभव आलेला आहे. आत जे ठेवले आहे ते अजब आहे. ते पाहावे, तोंडात बोट घालावे आणि बाहेर यावे. त्या वस्तूंचा आपल्याशी काही संबंध आहे, त्या घडवणाऱ्या हातांत आपल्या पूर्वजांचेही हात असतील, असे त्या इमारतीत त्याला कोणी सांगितले नाही. सांगण्याचे काम पाटीकडे होते. पाटी इंग्रजीत होती. पुढे तीवर देवनागरी आली, तरी भाषा पंडितांचीच राहिली.

आता ती पाटी मोबाइलमध्ये येऊ लागली आहे. काचेच्या कपाटाशेजारी काळ्यापांढऱ्या ठिपक्यांचा चौकोन डकवलेला असतो. त्यावर मोबाइल धरला की वस्तूची माहिती, चित्रे, आवाज, कधी हलती दृश्ये समोर येतात. क्यूआर कोड नावाचा हा चौकोन १९९४ साली जपानमध्ये मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी निघाला. कारखान्यातली ही युक्ती संस्कृतीच्या दालनात आली, याबद्दल नाक मुरडण्याचे कारण नाही. तिचे समर्थक म्हणतात की मोबाइलमुळे संग्रहालय लोकांचे झाले आणि ज्ञान सर्वांना खुले झाले. हा दावा तपासून पाहण्यासारखा आहे. ज्ञान खुले झाल्याच्या घोषणा आपण यापूर्वीही ऐकल्या आहेत. दार उघडले तरी आत बोलतो कोण, हा प्रश्न उरतोच.

प्रथम या साधनाच्या बाजूने जे खरे आहे ते मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. कानाशी बोलणारा वाटाड्या नवा नाही. ॲमस्टरडॅमच्या स्टेडेलिक संग्रहालयाने १९५२ साली प्रेक्षकांच्या कानाला छोटी यंत्रे लावून ध्वनिक्षेपणाने माहिती ऐकवली. सर्वांना एकाच वेळी एकच वाक्य ऐकू येई, म्हणून सारा घोळका एकाच चालीने एका वस्तूकडून दुसरीकडे सरके. कवायतच ती. टास्मानियातील होबार्ट येथे २०११ साली उघडलेल्या 'मोना' संग्रहालयाने भिंतीवरच्या पाट्या काढूनच टाकल्या आणि प्रत्येकाच्या हाती एक यंत्र दिले. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन संग्रहालयाने २०१५ साली त्याच्याही पुढचे पाऊल टाकले. प्रेक्षकाने वस्तूसमोर उभे राहून मोबाइलवर प्रश्न लिहावा आणि संग्रहालयातल्या जाणकार माणसांनी त्याला तिथल्या तिथे उत्तर द्यावे, अशी ती सोय होती. ऐकणाऱ्याला विचारणारा करण्याची ही कल्पना मोलाची आहे. ज्या समाजाला प्रश्न विचारल्याबद्दल शिक्षा झाली, त्याला हे मोल वेगळे समजावून सांगायला नको.

दुसरे असे की, भिंतीवरच्या पाटीला जागेचे बंधन असते. पाच-सात ओळींत धातू, शतक, प्रांत आणि दात्याचे नाव एवढेच मावते. मोबाइलला हे बंधन नाही. एका वस्तूविषयी चार भाषांत, चार बाजूंनी सांगता येते. ज्याला वाचता येत नाही त्याला ऐकता येते. आपल्या चळवळीचा विचार खेड्यापाड्यांत पोहोचला तो छापील ग्रंथांइतकाच, किंबहुना अधिक, जलशांतून, गाण्यांतून, भाषणांतून. कानावाटे येणारे ज्ञान कमी प्रतीचे, हा समज पोथीवाल्यांचा आहे; आपला नाही. वामनदादा कर्डकांचे गाणे पाठ असलेली निरक्षर बाई कुठल्याही पदवीधराला इतिहासाचे चार धडे देऊ शकते. तेव्हा संग्रहालय बोलू लागले तर आपल्याला हवेच आहे.

यावर अभिजनांकडून एक आक्षेप येतो. संग्रहालयात वस्तूकडे शांतपणे पाहावे, मोबाइलमध्ये डोके घालून बसू नये, वस्तू स्वतःच बोलते, असे ते म्हणतात. वस्तू बोलते खरी. पण ती कोणाशी बोलते? फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिएर बोर्द्यू आणि अलँ दार्बेल यांनी युरोपातील कलासंग्रहालयांच्या प्रेक्षकांची पाहणी करून १९६६ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. संग्रहालयात येणारा वर्ग मुख्यतः शिकलेल्यांचा होता. कलेची जी आवड उपजत म्हणून मिरवली जाते ती घरातून आणि शाळेतून मिळालेली असते, आणि तिकीट स्वस्त केल्याने हे अंतर भरून निघत नाही, असे त्यांनी दाखवून दिले. ज्याच्या घरी तीन पिढ्या पुस्तकांचे कपाट आहे त्याच्याशी दगड बोलतो. ज्याच्या आज्याने आयुष्यभर दगड फोडले, त्याच्यापुढे तोच दगड मुका राहतो. म्हणून 'वस्तूला बोलू द्या' हा उपदेश आपल्या कामाचा नाही. आपल्याला मजकूर हवा आहे. फक्त त्या मजकुराने नजर पुन्हा दगडाकडे वळवली पाहिजे. ती पडद्यावर अडकवून ठेवता कामा नये. त्या आक्षेपातला एवढा भाग आपण घ्यावा.

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. मोबाइलवर येणारा मजकूर बहुतेक ठिकाणी जुन्या पाटीचीच ताणलेली आवृत्ती असतो. 'पितळी दिवा, अठरावे शतक' एवढे भिंतीवर होते. मोबाइलवर त्याच्या नक्षीचे वर्णन येते, कोणत्या सरदाराच्या वाड्यातून तो आला ते कळते, मागे सतार वाजते. तो ओतला कोणी, त्या ओतणाऱ्याला त्या वाड्याच्या कोणत्या दारापर्यंत येण्याची मुभा होती, त्या दिव्यात तेल घालणारी बाई कोण होती, याविषयी पूर्वी मौन होते आणि आता मौनाला पार्श्वसंगीत मिळाले. साधन बदलले म्हणून दृष्टी बदलत नाही. 'बांधले गेले', 'घडवण्यात आले', 'संग्रहात दाखल झाले' अशा कर्ता गाळलेल्या क्रियापदांनी पाटी लिहिण्याची रीत आहे. व्याकरणात कर्ता लपवला की इतिहासात श्रम लपतात आणि लूटही लपते.

याउलट, दृष्टी असेल तर यंत्रावाचूनही संग्रहालय बोलते. अमेरिकेतील कृष्णवर्णीय कलावंत फ्रेड विल्सन याने १९९२ साली बाल्टिमोरच्या मेरीलँड हिस्टॉरिकल सोसायटीत त्याच संस्थेच्या कोठारातल्या वस्तू नव्याने मांडल्या. चांदीची नक्षीदार भांडी जिथे होती त्याच कपाटात त्याने गुलामांच्या पायांतल्या लोखंडी बेड्या ठेवल्या आणि पाटीवर लिहिले: 'धातुकाम, १७९३-१८८०'. पाटीची भाषा तीच, कोरडी, तटस्थ. पण आता ती वाचणाऱ्याचा घास अडकत होता. नेपोलियनसारख्या थोरांच्या अर्धपुतळ्यांसमोर त्याने रिकामे चौथरे ठेवले आणि त्यांवर हॅरिएट टबमन, फ्रेडरिक डग्लस, बेंजामिन बॅनेकर ही नावे लिहिली. त्या संग्रहात यांचे पुतळे नव्हते, हेच त्याला दाखवायचे होते. १९७२ साली ब्लॅक पँथरकडे पाहून आपल्या तरुणांनी दलित पँथर उभी केली. तिकडच्या या कलावंताकडूनही आपल्याला घेण्यासारखे आहे. गैरहजेरीसुद्धा मांडून दाखवता येते, हा त्याचा धडा आहे.

मोबाइलच्या माध्यमात याच्याशी नाते सांगणारा एक प्रयोग २०२१ च्या अखेरीस लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये झाला. 'द अनफिल्टर्ड हिस्टरी टूर' हे त्याचे नाव. 'व्हाइस वर्ल्ड न्यूज' आणि आपल्याकडची जाहिरातसंस्था 'डेंट्सू वेबचटनी' यांनी तो केला. संग्रहालयाचा त्याला आशीर्वाद नव्हता. प्रेक्षकाने इन्स्टाग्राममधून वस्तूवर मोबाइल धरायचा, की ती वस्तू मूळ ठिकाणाहून कशी आणली गेली याचे चित्र तिच्यावरच उमटे आणि त्या त्या देशातल्या माणसाचा आवाज ती कहाणी सांगे. बेनिनची कांस्यशिल्पे, रोझेटा शिला, ऑस्ट्रेलियातील आदिवासींची ढाल अशा दहा वस्तू त्यात होत्या. २०२२ साली कान येथील जाहिरातींच्या महोत्सवात या प्रयोगाला मोठे पुरस्कार मिळाले.

या प्रयोगाचे श्रेय मोठे आहे. पाटी लिहिण्याचा हक्क संग्रहालयाच्या मालकाचाच, ही समजूत त्याने मोडली. भिंतीला हात न लावता, कोणाची परवानगी न घेता, त्याच वस्तूवर दुसरी पाटी लावता येते हे त्याने सिद्ध केले. ज्यांच्या हाती इमारत नाही त्यांच्यासाठी ही गोष्ट फार महत्त्वाची आहे. पण टीकाकाराने एवढ्यावर थांबून चालणार नाही. या प्रयोगाची चौकट 'साम्राज्य विरुद्ध देश' अशी आहे. लुटणारा इंग्रज आणि लुटला गेलेला देश. ही चौकट खरी आहे, पण पुरी आहे का? त्याच दहा वस्तूंत अमरावतीची शिल्पे आहेत. त्यांच्यावर ही चौकट घासून पाहू.

अमरावतीचा महास्तूप आंध्र प्रदेशात कृष्णेच्या काठी होता. अठराव्या शतकाच्या शेवटी तेथला जमीनदार वासिरेड्डी वेंकटाद्री नायडू याच्या माणसांनी बांधकामाला दगड हवा म्हणून ते टेकाड खणले. शिल्पे निघाली ती घरांना, देवळांना, तळ्याच्या पायऱ्यांना लागली. काही भाजून त्यांचा चुना केला गेला. तो दगड चुनखडीचा, म्हणून भट्टीला सोयीचा. कर्नल कॉलिन मॅकेंझी त्याच सुमारास तेथे पोहोचला आणि १८१६ साली पुन्हा येऊन त्याने शिल्पांची चित्रे काढवून घेतली. १८४५ साली वॉल्टर इलियटने उत्खनन करून बरीच शिल्पे मद्रासला नेली. १८५९ साली त्यांतली पुष्कळशी जहाजाने लंडनला गेली आणि १८८० साली ब्रिटिश म्युझियमकडे आली. मोठा वाटा चेन्नईच्या सरकारी संग्रहालयातही आहे.

इंग्रजांनी नेली हे खरे. तो परका माल उचलून नेण्याचाच व्यवहार होता. त्याची सफाई देण्याचे आपल्याला कारण नाही. पण इंग्रज येण्याआधी तो स्तूप टेकाड का झाला होता? तथागताच्या जीवनातले प्रसंग कोरलेल्या शिळा पायरीला लावताना आणि भट्टीत टाकताना कोणाचा हात का थरथरला नाही? बुद्धाचा धम्म या भूमीतून हद्दपार झाला होता, त्याची ओळखसुद्धा पुसली गेली होती, म्हणून तो दगड त्यांच्या लेखी नुसता दगड होता. ही कहाणी 'साम्राज्य विरुद्ध देश' या दोन खणांत बसत नाही. 'भारताची शिल्पे भारताला परत द्या' ही मागणी करताना, या भारतात ती कोणाची होती आणि कोणी गमावली, हेही बोलावे लागेल. परदेशी चोराचे नाव मोठ्याने घेणे सोपे असते. घरातल्या विस्मरणाचे नाव घेणे जड जाते.

आणखी एक गोष्ट. अमरावतीच्या शिळांवर दान देणाऱ्यांचे लेख आहेत. भिक्षू आहेत, भिक्षुणी आहेत, गृहस्थ आणि त्यांच्या घरच्या स्त्रिया आहेत. त्यांत एक लेख विधिक नावाच्या चर्मकाराचा आहे. नाग नावाच्या उपाध्यायाचा तो मुलगा. आई, बायको, भाऊ, मुलगा, मुली, आप्त आणि मित्र या सर्वांसह त्याने पूर्णघट कोरलेली शिळा दान केली. लेखात तो आपला धंदा लपवत नाही. चामड्याचे काम करणारा मुलगा आणि उपाध्याय म्हणवणारा बाप एकाच ओळीत सुखाने नांदतात. त्या काळी जातिभेद नव्हता असा भाबडा निष्कर्ष मी यावरून काढणार नाही. एका लेखावरून एवढी उडी मारता येत नाही. पण स्तूपाच्या अंगावर चर्मकाराचे नाव कोरले जात होते, त्याचे दान संघाला चालत होते, एवढे त्या दगडाने सांगितले आहे. त्यापुढे ज्या काळात त्याच धंद्यातल्या माणसाला देवळाच्या पायरीवरून हाकलले गेले, तो काळ ठेवून पाहावा.

अमरावतीसमोर उभ्या राहणाऱ्या माणसाच्या कानात मोबाइलने काय सांगावे, याचे उत्तर येथे मिळते. इलियटचे नाव सांगावे, जहाजाचे साल सांगावे, जमीनदाराची चुनाभट्टी सांगावी आणि विधिक चर्मकार सांगावा. यातला एकही धागा गाळला तर उरलेले सत्य अर्धे होते. भिंतीवरच्या पाटीला एवढी जागा नसते ही सबब होती. आता जागा आहे. तरीही विधिक आला नाही तर कारण जागेचे नसून नियतीचे, म्हणजे लिहिणाऱ्याच्या नियतीचे आहे, असे समजावे.

यासाठी लंडनला जाण्याची गरज नाही. कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या दाराशी धेनुकाकटच्या सामी नावाच्या सुताराचा लेख आहे. ते दार त्याच्या हातचे. रायगड जिल्ह्यातल्या कुडे लेण्यांत एका माळ्याचे दान कोरलेले आहे. जुन्नरच्या लेण्यांत बुरुडांच्या आणि कासारांच्या श्रेणींचा उल्लेख येतो. सहलीला आलेल्या शाळकरी मुलांपैकी किती जणांना हे कोणी वाचून दाखवते? ब्राह्मी लिपी त्यांना येत नाही, मास्तरांनाही येत नाही. पाच मिनिटांचा आवाज मोबाइलवर असता तर बुरुडाच्या मुलाला त्या डोंगरात आपल्या धंद्याचे नाव ऐकू आले असते. त्या पाच मिनिटांची किंमत कुठल्याही सरकारी शोभायात्रेपेक्षा जास्त आहे.

बाबासाहेबांच्या वस्तू जपणाऱ्या ठिकाणांविषयीही स्पष्ट बोलले पाहिजे. नागपूरजवळ चिचोलीला, पुण्याला सिम्बायोसिसच्या संग्रहालयात त्यांच्या वापरातल्या वस्तू आहेत. लंडनमधले १०, किंग हेन्रीज रोड हे घर महाराष्ट्र शासनाने २०१५ साली विकत घेतले. १९२१-२२ मध्ये विद्यार्थी असताना बाबासाहेब तेथे राहिले होते. या ठिकाणी येणारा माणूस श्रद्धेने येतो आणि त्या श्रद्धेचा अवमान करण्याचे कारण नाही. पण मोबाइलने त्याच्या कानात नुसती आरती लावली तर बाबासाहेबांनी ज्या विभूतिपूजेविरुद्ध इशारा दिला तिचेच ते नवे यंत्र होईल. कोट दाखवताना, त्या कोटाच्या आत जो माणूस होता त्याला बडोद्याच्या नोकरीत राहायला घर मिळाले नव्हते, हे सांगितले पाहिजे. टंकलेखन यंत्र दाखवताना त्या काळात कोणते ग्रंथ लिहून झाले आणि त्यांनी कोणते प्रश्न उभे केले, ते सांगितले पाहिजे. आता कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने थोर पुरुषांना 'बोलते' करण्याची टूम निघाली आहे. तिच्यापासून फार सावध असावे. १९७९ पासून महाराष्ट्र शासन बाबासाहेबांचे लेखन आणि भाषणे खंडशः प्रसिद्ध करीत आले आहे. त्यांचे स्वतःचे शब्द हजारो पानांत उपलब्ध असताना त्यांच्या तोंडी यंत्राचे शब्द घालणे, हा त्यांच्याशी द्रोह ठरेल.

काही गोष्टी व्यवहाराच्या आहेत, पण त्यांतही विचार आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, २०१९ ते २०२१ या काळात, स्वतः वापरण्याचा मोबाइल असलेल्या स्त्रिया देशात सुमारे ५४ टक्के आढळल्या. म्हणजे जवळजवळ निम्म्या स्त्रियांच्या हाती तो नव्हता. पाटी भिंतीवरून काढून मोबाइलमध्ये टाकणे म्हणजे या स्त्रियांच्या पुढ्यातून ती उचलून नेणे. म्हणून भिंतीवरची पाटी राहिलीच पाहिजे. मोबाइल तिच्या जोडीला यावा. आपली माणसे संग्रहालयात एकेकटी येत नाहीत. घरचे पाच-सहा जण, एक मोबाइल, अशी येतात. तेव्हा मजकूर मोठ्याने, एकत्र ऐकता येईल असा हवा. लेण्यांत आणि खेड्यांत नेटवर्क नसते, म्हणून तो छोटा आणि आधीच उतरवून घेता येणारा हवा. ऐकण्यासाठी आधी आपला नंबर द्या, नाव द्या, अशी अट नको. कोण कोणत्या वस्तूपुढे किती वेळ थांबला याची नोंद ठेवणारा वाटाड्या हा वाटाड्या नसतो, तो पाळतीवरचा माणूस असतो.

आणि शेवटचा मुद्दा टिकण्याचा. बाहेरच्या लोकांनी इन्स्टाग्रामसाठी तयार केलेले सगळे फिल्टर मेटा कंपनीने १४ जानेवारी २०२५ पासून बंद केले. ब्रिटिश म्युझियमच्या भिंतींना आव्हान देणारा तो प्रयोग ज्या जमिनीवर उभा होता ती जमीन कंपनीची होती, आणि कंपनीने ती काढून घेतली. कुळाचे दुःख आपल्याला ठाऊक आहे. दुसऱ्याच्या शेतात आपले पीक किती काळ राहील हे मालक ठरवतो. विधिक चर्मकाराने आपले नाव दगडावर कोरले. दीड हजारांहून अधिक वर्षे ते टिकले. आपण आज जे कोरू ते आपल्या मालकीच्या जागी, कोणालाही उतरवून घेता येईल अशा साध्या रूपात, आणि सोबत छापील कागदावरही ठेवले पाहिजे.

हे काम सरकार करील म्हणून वाट पाहण्यात अर्थ नाही. महाविद्यालयातल्या दहा विद्यार्थ्यांनी आणि एखाद्या इतिहासाच्या शिक्षकाने जवळचे लेणे निवडावे. तेथले लेख प्रसिद्ध वाचनांवरून नीट समजून घ्यावेत. जे निश्चित आहे तेवढेच सांगावे. लिहिणाऱ्यांची नावे द्यावीत, म्हणजे चूक झाली तर जाब विचारता येईल. मजकूर आपल्या बोलीत, घरातल्या म्हातारीला समजेल असा असावा आणि शक्य तर तिच्याच आवाजात नोंदवावा. त्यात कर्ता असावा: कोणी खोदले, कोणी दान दिले, कोणी फोडले, कोणी नेले.

पाटी खिशात आली ही संधी आहे, मुक्ती नव्हे. मजकूर आपण लिहिला नाही तर तो दुसरे कोणी लिहील, गोड आवाजात वाचून दाखवील, आणि आपली मुले अजब बंगल्यातून पूर्वीसारखीच तोंडात बोट घालून बाहेर येतील.